हवामानाचा हिशेब वॉर्ड ऑफिसात मागा

मुंबई महापालिकेकडे हवामान कृती आराखडा नाही, अशी तक्रार आता कुणालाच करता येणार नाही. १३ मार्च २०२२ रोजी तो प्रसिद्ध झाला. २०३० पर्यंत ३० टक्के, २०४० पर्यंत ४४ टक्के आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य (जेवढं सोडलं तेवढंच शोषलं जाईल), असं हरितगृह वायूंच्या उत्सर्जन कपातीचं वेळापत्रक त्यात आहे. इमारती व ऊर्जा, वाहतूक, कचरा, हिरवळ, हवा आणि पूर-पाणी अशी सहा क्षेत्रं आहेत. २०२४ मध्ये हवामानाशी संबंधित खर्च वेगळा दाखवणारा अर्थसंकल्पी अहवालही पालिकेने काढला. देशातल्या फार थोड्या शहरांनी इतपत मजल मारली आहे, हे मान्य करायला हरकत नाही.

अडचण त्याच्या पुढची आहे. आराखडा मुख्यालयात राहतो आणि कामं वॉर्ड ऑफिसात होतात. पदपथ करताना झाडाच्या बुंध्याला सिमेंट भिडवायचं की नाही, मिसळलेला कचरा कॉम्पॅक्टरमध्ये, म्हणजे कचरा दाबून नेणाऱ्या गाडीत, घ्यायचा की नाही, नाल्यातून काढलेला गाळ काठावर किती दिवस पडू द्यायचा, चाकांना चिखल माखलेला डंपर बांधकामाच्या फाटकातून बाहेर पडला तर त्याला अडवायचं की नाही, हे निर्णय कनिष्ठ अभियंता, पर्यवेक्षक आणि मुकादम यांच्या पातळीवर रोज होत असतात. तिथे हवामान नावाची फाइल नसते. असते ती रस्त्याची, गटाराची, कचऱ्याची, बागेची. रहिवाशांनी आपला जोर घोषणांवरून काढून या चार फायलींवर लावावा, एवढंच इथे मांडायचं आहे. सायकल फेऱ्या, शपथा आणि पाच जूनचं वृक्षारोपण यांनी कुणाचं नुकसान होत नाही. पण वॉर्डच्या एकाही निविदेतली एकही ओळ त्याने बदलत नाही.

पालिकेचा ठरलेला बचाव आधी पाहू. आराखड्याच्या मोजणीनुसार २०१९ मध्ये शहराचं उत्सर्जन सुमारे २.३४ कोटी टन होतं. त्यातलं ७२ टक्के इमारतींमधल्या ऊर्जेचं, मुख्यतः विजेचं. २० टक्के वाहतुकीचं आणि ८ टक्के कचऱ्याचं. मग म्हटलं जातं की वीज काही आमच्या हातात नाही. ती कंपन्या आणतात, दर नियामक आयोग ठरवतो, कोळसा केंद्राचा. हे अर्धं खरं आहे. शहर भागात वीज पुरवणारा बेस्ट हा पालिकेचाच उपक्रम आहे. पाणी चढवणारे पंप, मलजल प्रक्रिया केंद्रं, रुग्णालयं, शाळा आणि मंडया पालिकेच्याच आहेत आणि त्यांची बिलं पालिकाच भरते. नव्या इमारतीचा नकाशा मंजूर करणारी आणि भोगवटा प्रमाणपत्र देणारीही तीच. उरलेल्या ८ टक्क्यांत तर दुसरा वाटेकरीच नाही. कचरा उचलणं, वाहणं आणि पुरणं हे पहिल्यापासून शेवटपर्यंत पालिकेचं काम.

शिवाय हा आकडा दिसतो तितका लहान नाही. कचराभूमीत ओला कचरा हवेविना कुजतो आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो, पण वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटीच्या आसपास. शहरांच्या मोजण्या शंभर वर्षांच्या मापाने होतात. आपल्या मुलांच्या तरुणपणाचा विचार असेल, तर दुसरं माप जास्त कामाचं.

मुंबईत रोज सहा हजार टनांहून अधिक कचरा निघतो. बहुतेक सगळा कांजूरमार्गला जातो, थोडा देवनारला, जिथे १९२७ पासून कचरा पडतो आहे. त्यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग ओला. जवळजवळ तेवढंच पाणी आणि भाजीचे देठ आपण डिझेल जाळून शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेतो. दिवसाला १०० किलोहून जास्त ओला कचरा काढणाऱ्या आणि २०,००० चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी तो आवारातच जिरवावा, असा तगादा पालिकेने २०१७ मध्ये लावला. नोटिसा गेल्या, काही सोसायट्यांनी खड्डे खणले, काहींनी यंत्रं घेतली. पुढे काय होतं ते सेक्रेटरी मंडळींना ठाऊक आहे. तपासणीला आलेला माणूस खड्डा आहे का ते बघतो, फोटो काढतो आणि जातो. त्या खड्ड्यात काल किती किलो गेलं आणि गाडीत किती गेलं, हे कुणी विचारत नाही.

यंत्रांबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण सोसायट्यांचे लाखो रुपये त्यात अडकले आहेत. चोवीस तासांत खत देतो म्हणणारं यंत्र बहुतेक वेळा कचरा तापवून वाळवतं. बाहेर येते ती तपकिरी भुकटी, पण ते खत नसतं. जिवाणूंनी कुजवण्याचं काम झालेलंच नसतं. ती कुंडीत घातली, पाणी पडलं की पुन्हा आंबते, वास मारते आणि मुळं जाळते. ओळखायची खूण सोपी आहे. मूठभर भुकटी ओली करून पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर खत, आंबूस आला तर नुसता वाळवलेला कचरा. वाळवायला लागणारी वीज सोसायटीच्या सामाईक मीटरवर चढते ती वेगळीच.

खताच्या साध्या हौदांचं गणित त्यापेक्षा सरळ आहे. शंभर घरांच्या सोसायटीत रोज साधारण ६० ते ८० किलो ओला कचरा निघतो, म्हणजे दीडशे लिटरच्या आत-बाहेर. त्यात आकारमानाने तेवढाच सुका पाला घालायचा. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच असे चार हौद पुरतात. एक भरायला दहा-बारा दिवस लागतात, कारण खालचा थर बसत जातो; चौथा भरेपर्यंत पहिला काढायला येतो. ढीग सव्वा मीटरपेक्षा उंच नको, नाहीतर तळाला हवा पोचत नाही. बाजूंना अर्ध्या इंचाची जाळी, नाहीतर घुशी येतात. वर पुढे आलेलं छप्पर, नाहीतर जून ते सप्टेंबर हौदाचं डबकं होतं. तीन दिवसांत ढिगाचं पोट ५५ अंशांच्या वर तापलं पाहिजे. हात घातल्यावर चटका बसला की समजावं, बरं चाललंय. मूठभर घेऊन दाबल्यावर एक-दोन थेंब गळले तर ओल बरोबर, धार लागली तर पाला कमी. अमोनियासारखा झणका आला तरी पाला कमी. सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कमी, ढीग उलथायचा. पांढऱ्या अळ्या दिसल्या की बायका-मुलं ओरडतात आणि कमिटी प्रयोग गुंडाळते. त्या अळ्या निरुपद्रवी असतात, कुजवायला मदतच करतात. वर चार बोटं पाल्याचा थर दिला की प्रश्न मिटतो. मासळीचे काटे-कल्ले ढिगाच्या मध्यावर खोल पुरायचे, करवंट्या वेगळ्या काढायच्या. रोज दोन तास देणारा एक माणूस पगारावर हवा. स्वयंसेवकांचा उत्साह गणपतीपर्यंत टिकतो.

या सगळ्यात मुंबईतली खरी गोची पाल्याची आहे, आणि तिचं उत्तर सोसायटीकडे नसून पालिकेकडे आहे. शंभर घरांना रोज दहा-बारा किलो पाला लागतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कोरडा पाला मिळत नाही, म्हणजे मे अखेरीस सव्वाशे-दीडशे गोण्या भरून ठेवायला हव्यात. एवढा पाला कोणत्याच आवारात पडत नाही. रस्त्यावर मात्र फेब्रुवारी ते एप्रिल ढिगाने पडतो, झाडून गोळा होतो आणि कचऱ्याच्या गाडीत नाहीतर काडेपेटीच्या मुखी जातो. वॉर्डने एक पाला कापायचं यंत्र घ्यावं, उद्यान खात्याने आणि सफाई खात्याने पाला वेगळा गोळा करावा, आणि नोंद केलेल्या सोसायट्यांना तो तीन महिन्यांत पोचवावा. पालिकेच्या खर्चाच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे. तरीही ती कुठल्याच लेखाशीर्षात दिसत नाही, कारण पाला एका खात्याचा आणि कचरा दुसऱ्याचा.

पैशाच्या आमिषाबद्दलही पालिकेचं चुकतं. कचरा जिरवणाऱ्यांना मालमत्ता करात सूट, हा तिचा आवडता उपाय. पण मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता करच नाही. म्हणजे चाळी, म्हाडाच्या वसाहती, पुनर्वसनाच्या इमारती अशा ज्या ठिकाणी माणसं दाटीने राहतात, तिथे या सवलतीला कवडीची किंमत नाही. त्यापेक्षा जो पैसा कचरा वाहणाऱ्या आणि पुरणाऱ्या कंत्राटदाराला टनामागे दिला जातो, त्यातला वाटा न वाहिलेल्या टनामागे सोसायटीला द्यावा. वजनकाटा फाटकावर ठेवावा, महिन्याची नोंद सफाई पर्यवेक्षकाने सही करून न्यावी. मग खड्ड्याचा फोटो काढून भागणार नाही.

आणि दहा बाय दहाच्या खोलीत दोन डबे कुठे ठेवायचे, असं कुणी गोवंडीत विचारलं तर त्याचा प्रश्न रास्त आहे. देवनारचा धूर ज्यांच्या घरात जातो, त्यांच्याच डोक्यावर वर्गीकरणाचं ओझं आधी टाकणं शोभत नाही. तिथे पालिकेने वस्तीजवळच्या उद्यानाच्या कोपऱ्यात सामुदायिक हौद बांधावेत. नियम मोडणाऱ्या मोठ्या संकुलांकडे आणि हॉटेलांकडे आधी बघावं. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये १९९० च्या दशकात रहिवाशांनी गल्लीचा कचरा गल्लीत हाताळायला सुरुवात केली आणि त्यातून एएलएम, म्हणजे परिसर व्यवस्थापनाच्या गटांची कल्पना शहरभर गेली. पुष्कळ गट नंतर थंडावले, कारण पालिकेने त्यांना शाबासकी दिली आणि गाडी मात्र मिसळलेलीच नेली. घरात वेगळा केलेला कचरा खाली एकत्र होताना एकदा दिसला की पुढचं वर्षभर कुणी वेगळा करत नाही.

विजेचं थोडक्यात, पण नेमकं. सोसायटीच्या गच्चीवर सौरऊर्जा बसवायची तर सामाईक मीटरपासून सुरुवात करावी: लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे. केंद्राच्या २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे, कमाल ५०० किलोवॅटपर्यंत. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली गच्ची लागते आणि वर्षाच्या सरासरीने महिन्याला ११० युनिटच्या आसपास वीज मिळते. जुलैत त्याहून बरीच कमी, एप्रिलमध्ये जास्त. सामाईक मीटरचे बारा महिन्यांचे युनिट काढा, महिन्याच्या सरासरीला ११० ने भागा, तेवढे किलोवॅट पुरे. त्याहून मोठी यंत्रणा विकायला विक्रेता उत्सुक असतो, पण वर्षअखेर उरलेल्या युनिटना भाव फारच कमी मिळतो.

पॅनेल बिघडल्याने यंत्रणा फसतात असं क्वचितच होतं. फसतात त्या गच्चीमुळे. वॉटरप्रूफिंग जुनं असताना सांगाडा ठोकला की पहिल्या पावसात वरच्या मजल्यावर गळती लागते. मग वॉटरप्रूफिंगवाला सौरवाल्याकडे आणि सौरवाला वॉटरप्रूफिंगवाल्याकडे बोट दाखवतो. आधी गच्ची करून घ्यावी, सांगाडा स्लॅबला छिद्र न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभारावा आणि वाऱ्याच्या भाराचा हिशेब अभियंत्याच्या सहीने घ्यावा. मे २०२१ च्या तौक्ते वादळात कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरपर्यंत गेला होता, एवढं लक्षात ठेवलेलं बरं. पुनर्विकास दोन-तीन वर्षांवर आला असेल तर घाई करू नये. त्याऐवजी विकासकाशी करार करताना नव्या गच्चीतली सावलीमुक्त जागा नकाशात लिहून घ्यावी. पालिकेने इथे फार काही करायचं नाही. गच्चीवरच्या सांगाड्याला कोणत्या उंचीपर्यंत परवानगी लागत नाही, याचं एका पानाचं उत्तर प्रत्येक वॉर्डच्या इमारत व कारखाने विभागाने भिंतीवर लावावं. आणि स्वतःच्या शाळा-मंडयांच्या छपरांपासून सुरुवात करावी. जिथे पॅनेल बसत नाहीत तिथे निदान उन्हं परतवणारा पांढरा लेप द्यावा. पत्र्याच्या छताखालच्या अंगणवाडीत एप्रिलची दुपार काढणाऱ्या मुलांना त्याचा फरक त्याच दिवशी कळेल.

गच्चीइतकाच पंपही बघावा. साठ हजार लिटर पाणी तीस मीटर चढवायला, पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली, तरी रोज दहा युनिट लागतात. टाकी भरून वाहत असेल तर त्यातले दोन-तीन गच्चीवरून गटारात जातात. तरंगता स्विच काही शे रुपयांचा असतो.

आता पाण्याकडे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे मुंबईत लहान मुलालाही ठाऊक आहे. त्यामागचं कमी ठाऊक असलेलं गणित असं. शहराची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली होती आणि त्यातलं निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरलं होतं. ब्रिमस्टोवॅड या पर्जन्य जलवाहिन्या सुधारण्याच्या प्रकल्पात ही क्षमता ताशी ५० मिलिमीटर करायचं ठरलं, आणि मुरणारं पाणी शून्य धरलं गेलं. म्हणजे गेल्या शतकात शहराने आपली माती किती गमावली, याची कबुलीच त्या आकड्यात आहे. गटारांचं पाणी जिथून समुद्रात पडतं त्या १८६ पातमुखांपैकी ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीखाली आणि फक्त ६ भरतीच्या वर. मोठ्या भरतीच्या वेळी धो धो पाऊस आला तर पाणी जायला वाटच नसते. म्हणून पाणी उपसून समुद्रात टाकणारी उदंचन केंद्रं, आणि म्हणूनच दादरजवळच्या हिंदमाता चौकाचं पाणी ओहोटीपर्यंत धरून ठेवायला परळ-दादरच्या मैदानांखाली टाक्या.

पण प्रत्येक तुंबण्याला भरती जबाबदार नसते, आणि इथेच रहिवाशांची नोंद सोन्याच्या मोलाची ठरते. 'आमच्याकडे पाणी भरतं' या तक्रारीवर अभियंत्याला काही करता येत नाही. आवाराच्या भिंतीवर दहा-दहा सेंटिमीटरच्या खुणा रंगवा. पाणी चढलं की दर पंधरा मिनिटांनी वेळ आणि पातळी लिहा, शेजारी त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ लिहा, पाऊस थांबल्याची वेळ लिहा. दोन-तीन मोठ्या पावसांत चित्र स्पष्ट होतं. पाऊस थांबल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पाणी उतरत असेल, भरती असो वा नसो, तर वाहिनी अपुरी आहे किंवा जाळ्या तुंबल्या आहेत. पाणी नेमकं ओहोटी लागल्यावरच उतरत असेल, तर दोष पातमुखाचा. तिथे झडप किंवा पंप लागेल, आणि गल्लीतलं गटार रुंद करून पैसे वायाच जातील. ओहोटी होऊनही पाणी तासन् तास राहिलं, तर वाहिनीत गाळ आहे किंवा तिच्या पोटातून कुणी तरी केबल वा जलवाहिनी आडवी नेली आहे. हे तिसरं मुंबईत भलतंच सर्रास आढळतं. अशी नोंद पर्जन्य जलवाहिन्या खात्याच्या अभियंत्याच्या हातात पडली की त्याला टाळता येत नाही. खरं तर त्याला ती हवीच असते, कारण वरिष्ठांकडे निधी मागायला तिचा आधार होतो.

नालेसफाईचं तेच. मे महिन्यात टक्केवारीचे आकडे येतात: नव्वद टक्के, शंभर टक्के. कशाच्या शंभर टक्के? ठरवलेल्या टनांच्या. नाल्याच्या खोलीशी त्या टक्क्याचा संबंध असेलच असं नाही. काढलेला गाळ निथळायला एक-दोन दिवस काठावर ठेवावा लागतो, हे खरं. पण तिथेच राहिला की पहिल्या वळवाने पुन्हा आत. रहिवाशांनी आपल्या गल्लीमागच्या नाल्यापुरतं काम आधी आणि नंतरच्या तळाची पातळी, गाडीचा क्रमांक आणि वजनकाट्याच्या पावत्या मागाव्यात. शंभर गल्ल्यांचं कुणी बघू नये, आपलीच बघावी.

जमीन मुरवत नाही हे सरकारी गणित मान्य करूनही पालिका उरलीसुरली माती झाकते आहे, ही या शहरातली सर्वांत मोठी विसंगती. २०२३ मध्ये सुमारे ६,००० कोटी रुपयांची, जवळपास ४०० किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करण्याची कामं दिली गेली. उद्दिष्ट सगळेच रस्ते तसे करण्याचं आहे. खड्ड्यांनी वैतागलेल्या माणसाला काँक्रीट हवं असतं, आणि त्याचं चुकत नाही. वाहनं जातात त्या पट्ट्यात काँक्रीट टिकतं. पण ते इमारतीच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत ओतायचं कारण नाही. कडेला दोन-तीन फुटांचा पट्टा खडीवर बसवलेल्या, फटी ठेवलेल्या ब्लॉकचा ठेवता येतो. झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी सोडण्याचे राष्ट्रीय हरित लवादाचे आदेश आहेत. बुंध्याला काँक्रीट भिडलं की मुळांना हवा-पाणी मिळत नाही, चर खणताना मुळं एका बाजूने तुटलेली असतातच, आणि मग दोन-तीन पावसाळ्यांनी ते झाड गाडीवर पडतं. बातमीत लिहितात, वाऱ्याने झाड उन्मळलं.

काम सुरू होण्याआधी रस्त्याचा छेदनकाशा, म्हणजे आडव्या छेदात कुठे काय येणार ते दाखवणारा नकाशा, मागून घ्यावा. एकदा काँक्रीट पडलं की वाद घालण्यात अर्थ नसतो. झाडं तोडण्याची नोटीस बुंध्यावर लागते तेव्हा हरकतीला सात दिवस असतात. 'झाडं वाचवा' असं लिहिलेल्या अर्जाचा उपयोग नाही. झाड क्रमांक, जात, घेर, फोटो आणि ते न तोडता काम कसं होईल याची एक ओळ लिहावी. राज्याच्या वृक्ष कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात आणि पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे, म्हणून वयाचा अंदाज कसा काढला हे जरूर विचारावं. वय कमी लिहिण्यात कुणाचा फायदा आहे ते सांगायला नको.

वाहतुकीत पालिकेच्या हाती एक मोठं हत्यार आहे ते बेस्ट, आणि तेच ती बोथट होऊ देते आहे. भाडेतत्त्वावरच्या बसगाड्यांचे काही कंत्राटदार मधेच गाशा गुंडाळून गेले, स्वतःच्या गाड्या भंगारात निघाल्या, आणि मे २०२५ मध्ये किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं. थांब्यावर पंचवीस मिनिटं उभा राहिलेला माणूस शेअर रिक्षात बसतो, मग हप्त्यावर दुचाकी घेतो. तो परत बसमध्ये येत नाही. बसगाडी विजेची आहे की डिझेलची, हा प्रश्न दुसरा. ती येते का, हा पहिला. रहिवाशांनी मागायची गोष्ट म्हणजे आपल्या मार्गावर गर्दीच्या वेळी दोन बसमधलं अंतर किती मिनिटं ठरलं आहे आणि प्रत्यक्षात किती, हे दर महिन्याला जाहीर व्हावं.

धुळीचं आणि धुराचं फार लांबवत नाही. बांधकामांसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये पालिकेनेच नियमावली काढली: उंच पत्रे, हिरवं कापड, पाण्याचे फवारे, बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाकं धुणं. लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या बदलायला उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बेकऱ्यांना सहा महिने दिले. पावाचा छोटा भट्टीवाला गॅसची जोडणी आणि नवी भट्टी स्वतःच्या गल्ल्यातून करू शकत नाही, त्याला हप्त्याची सोय हवी. बिल्डरला ती सवड द्यायचं कारण नाही.

मागायचं कसं, आणि कधी? बहुतेक नागरिक फेब्रुवारीत अर्थसंकल्प आल्यावर जागे होतात. तोवर सगळं ठरलेलं असतं. खाती आणि वॉर्ड आपापल्या मागण्या दिवाळीच्या आगेमागे तयार करतात. म्हणून ऑक्टोबरमध्ये वॉर्डचे प्रमुख असलेल्या सहायक आयुक्तांना एक पानी पत्र द्यावं: कोणती जागा, कोणतं काम, अंदाजे किती मीटर किंवा किती नग, कोणतं खातं. 'परिसर हरित करावा' असलं काही लिहू नये. 'अमुक रस्त्यावरच्या २२ झाडांची आळी (बुंध्याभोवतीची मातीची जागा) एक मीटरपर्यंत मोकळी करणे' असं लिहावं. त्याचा अंदाजपत्रकात आकडा निघतो.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा, उत्तराची मुदत ३० दिवसांची. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो; दोन विषय घातले की परत येतो. 'हवामान बदलासाठी काय केलं?' असं विचारलं तर आराखड्याची छायांकित प्रत मिळते. कार्यादेशाचा क्रमांक व तारीख, झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, गेल्या बारा महिन्यांत आपल्या विभागातून उचललेला कचरा टनांत, ओला-सुका वेगळा, असं विचारावं. कायद्यात प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा नमुना घेण्याचाही हक्क आहे. तो फार कमी लोक वापरतात.

मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत पालिकेत नगरसेवकच नव्हते. प्रशासकाच्या काळात आराखडा छापला गेला आणि त्यावर सभागृहात प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. आता २२७ जण आहेत. नगरसेवकाकडे बाकडी, कमान आणि पेव्हर ब्लॉक मागायची सवय आपल्याला लागली आहे, आणि त्याचा निधीही त्यावरच जातो. त्याच्या हातात याहून चांगली आयुधं आहेत: प्रभाग समितीत प्रश्न, सभागृहात ठरावाची सूचना, स्थायी समितीत प्रस्ताव आला की हरकतीचा मुद्दा. रस्त्याच्या निविदेत झाडाची आळी आणि पाझरणारा पट्टा ही बाब नसेल, तर प्रस्ताव परत पाठवायची मागणी तो करू शकतो.

त्याच्याकडे एक तक्ता मागावा. प्रभाग समितीच्या दर सभेत सहायक आयुक्तांनी तो ठेवायचा, सहा रकान्यांचा: विभागातून बाहेर गेलेला ओला कचरा टनांत, १०० किलोवरच्या संकुलांपैकी वजनाची नोंद देणारी किती, पाणी भरलेल्या जागा व उतरायला लागलेला वेळ, तोडलेली, लावलेली आणि वर्षानंतर जगलेली झाडं, काँक्रीट झालेल्या रस्त्यांवर मोकळी ठेवलेली आळी, बांधकामांवर धुळीसाठी झालेली कारवाई. यातले बहुतेक आकडे कुठल्या ना कुठल्या खात्याच्या वहीत आजही असतात. पहिल्या सभेत तीन रकाने रिकामे येतील. ते रिकामे आले असं इतिवृत्तात लिहून घ्यावं, आणि पुढच्या महिन्याच्या कार्यपत्रिकेवर तोच विषय पुन्हा टाकायला लावावा.